टाकीतली गोगलगाय हलेनाशी झाली तर

"दोन दिवस एकाच जागी आहे, मेली का?" "सारखी पाण्याबाहेर निघू बघते, कशामुळे?" "एकच आणली होती, पन्नास कशा झाल्या?" घरी अ‍ॅक्वेरियम ठेवणाऱ्या वाचकांचे गोगलगायीबद्दलचे प्रश्न फिरून फिरून हेच असतात. ग्वाल्हेरात नई सडक, दौलतगंज, जनकगंज भागात राहणाऱ्यांच्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडते: "उन्हाळ्यात एकही का टिकत नाही?"

माशांबद्दल दुकानदार चार गोष्टी सांगतो. गोगलगाय मात्र "काच साफ करते, घेऊन जा" एवढ्या एका वाक्यावर घरी येते, आणि बिचारी बहुतेक वेळा त्या वाक्यामुळेच मरते. ती सफाईचं साधन नाही. तिला खाणं लागतं, चुन्याचा अंश असलेलं पाणी लागतं, पाण्यात प्राणवायू लागतो. तिच्या वागण्यात फरक पडला की दहापैकी आठ-नऊ वेळा कारण पाण्यात असतं. म्हणून औषध शोधायला निघण्याआधी पाणी तपासा. या लेखातली सगळी पावलं त्याच क्रमाने आहेत.

आधी ठरवा: मेली की थांबली?

गोगलगाय तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवसही एका जागी बसते. तळ्यात राहणाऱ्या लिम्निया जातीच्या गोगलगायींचा टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खरोखर झोपतात, आणि त्यांच्या झोपेला दिवस-रात्रीचा आपला हिशोब लागू पडत नाही, असं त्यात दिसलं. काही तास छोट्या छोट्या डुलक्या, मग दीड दिवसाच्या आसपास जाग. तेव्हा "काल दिवसभर हलली नाही" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तपासणी अशी करा:

- काचेला धरून बसली असेल तर ती जिवंत आहे. ओढून काढू नका. शंखाच्या आतल्या स्नायूला इजा होते.
- तळाशी पडली असेल तर हळूच उचला आणि तोंडावरचं झाकण पाहा. ते घट्ट मिटलेलं असेल, किंवा बोट लागताच आत ओढलं जात असेल, तर ती जिवंत आहे. झाकण नखाने उघडून पाहण्याचा मोह आवरा.
- झाकण सैल लोंबतं आहे, अंग बाहेर आलेलं आहे आणि स्पर्शाला काहीच हालचाल नाही, तर ती बहुधा गेलेली आहे.
- रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर या लहान जातींना झाकण नसतंच. त्यांच्या बाबतीत स्पर्श केल्यावर अंग आत जातं का, एवढंच पाहा.
- शेवटची खूण वासाची. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा आला की शंका उरत नाही.

तरीही ठरत नसेल तर टाकीतलंच थोडं पाणी एका वाडग्यात घ्या, तिला त्यात ठेवा आणि वर जाळी टाका. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल. वाडग्यात काढण्याचा खरा फायदा बाकीच्यांना होतो. छोट्या टाकीत एक मोठी गोगलगाय कुजली की अमोनिया झपाट्याने वाढतो, आणि मागोमाग मासेही जातात.

पाण्यावर तरंगणारी गोगलगाय पाहून लोक घाबरतात. मिस्ट्री जातीच्या गोगलगायीच्या अंगात हवा भरलेली असली की ती तरंगते, एक-दोन दिवसांत आपली आपण खाली येते. झाकण मिटलेलं आणि वास नाही, तर थांबा.

तुमच्याकडे कोणती जात आहे?

दुकानात सगळ्यांनाच "घोंघा" किंवा "स्नेल" म्हणतात. पण कोणती जात, यावर पुढचे सगळे निर्णय अवलंबून आहेत.

- मिस्ट्री: पिवळी, निळसर, तपकिरी, लिंबाएवढी होऊ शकते. मूळ दक्षिण अमेरिकेची. हिला कल्लेही असतात आणि फुप्फुसही. अंगाची एक नळी पाण्याबाहेर काढून ती हवा ओढते. नर-मादी वेगळे. आयुष्य साधारण एक ते दोन वर्षं, आणि पाणी जितकं गरम तितकं ते कमी.
- नेराइट: पट्ट्यापट्ट्यांची, काचेवरचं शेवाळ सर्वांत चांगलं खाणारी. फक्त कल्ले. लाकडावर, काचेवर तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवते. पिल्लांना खारट पाणी लागतं, म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीत हिची संख्या वाढत नाही.
- ट्रम्पेट: लांबट, टोकदार. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही सापडते. दिवसा वाळूत, रात्री बाहेर. अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि तेही बहुतेक वेळा नराशिवाय.
- रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर: या सहसा विकत घेतल्या जात नाहीत, पाणवनस्पतींना चिकटून येतात. प्रत्येक प्राणी नरही आणि मादीही. दोघी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात.
- पायला: आपली देशी, मोठी, तपकिरी-हिरवट. प्राणिशास्त्र शिकलेल्यांना ती प्रयोगशाळेतून ओळखीची असेल. उन्हाळ्यात चिखलात शिरून, झाकण लावून महिनोन्‌महिने पडून राहण्याची हिची सवय आहे. मे महिन्यात ती मिटून बसली तर लगेच मेली समजू नका.

तळ्यातून किंवा नाल्यातून गोगलगायी उचलून आणू नका, मुलांनाही आणू देऊ नका. देशी रॅम्सहॉर्न आणि लिम्निया गुराढोरांच्या परजीवी कृमींना आसरा देतात, आणि त्यातल्या काही कृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून खाज आणतात. टाकीतल्या गोगलगायींना हाताळल्यावरही साबणाने हात धुवायचेच.

वागणूक आणि तिचा अर्थ

*सगळ्या वर चढल्या आहेत.* एखादीच मिस्ट्री वर आली असेल तर काळजी नको. ती हवा घ्यायला किंवा मादी असेल तर अंडी घालायला वर येते. पण नेराइट आणि ट्रम्पेट भरदिवसा एकदम पाण्याच्या कडेला जमल्या, तर ती धोक्याची घंटा समजा. त्यांना फुप्फुस नाही; पाण्यातला प्राणवायू संपत आला किंवा अमोनिया चढला की सर्वांत आधी त्यांनाच कळतं. त्याच वेळी हवेचा पंप सुरू करा आणि एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदला. कारण नंतर शोधा.

*टाकीबाहेर पडते.* झाकणाला फट असली की मिस्ट्री आणि नेराइट रात्री बाहेर निघतातच. टाकीला जाळीचं झाकण लावा आणि पाणी काठापासून तीन-चार बोटं खाली ठेवा. मिस्ट्रीला हवा घ्यायलाही ती जागा लागते. फरशीवर सापडलेली गोगलगाय मिटलेली असेल तर लगेच फेकू नका. टाकीच्या पाण्यात ठेवून एक दिवस वाट पाहा.

*काचेवरून धपकन खाली पडते.* खाली जाण्याची तिची ती नेहमीची पद्धत आहे. फक्त नेराइट उलटी पडली तर तिला पुष्कळदा सरळ होता येत नाही; तेवढी मदत करा.

*शिंगं आखूड झाली, सारखी आत ओढून घेते.* मासे टोचताहेत. बेटा, गुरामी, गोल्डफिश, सिक्लिड हे यातले नेहमीचे. लोच आणि पफर तर गोगलगायी खातातच. मासा किंवा गोगलगाय, दोघांतलं एक दुसऱ्या टाकीत हलवा. शिंगं काही आठवड्यांत पुन्हा वाढतात.

*खात नाही.* नवीन आणलेली दोन-तीन दिवस गप्प राहते. जुनी खाईनाशी झाली तर पाण्याची तपासणी करा.

पाणी: नळाचं, बोअरचं, आरओचं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाला नळाने येणारं पाणी मुख्यतः तिघरा जलाशयाचं. ते क्लोरीन टाकून येतं. बादलीत उघडं ठेवून चोवीस तासांनी वापरा, नाहीतर दुकानात मिळणारं क्लोरीन काढणारं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. बोअरचं पाणी सहसा जड असतं, आणि गोगलगायीच्या दृष्टीने जड पाणी चांगलं. बादलीच्या कडेला, गीझरच्या दांड्यावर पांढरा थर बसत असेल, तर त्या पाण्यात शंखाला लागणारं कॅल्शियम आहे.

सर्वांत जास्त नुकसान प्रेमापोटी होतं. "आम्ही पितो तेच पाणी देतो" म्हणून लोक आरओचं पाणी भरतात. त्यात कॅल्शियम जवळपास उरलेलंच नसतं. काही महिन्यांत शंख पातळ, पांढुरका आणि खड्डे पडलेला दिसू लागतो. निव्वळ आरओचं पाणी गोगलगायीच्या टाकीत घालू नका.

मोजण्यासाठी पट्ट्या किंवा थेंबांचा संच घ्या. औषधांवर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च उपयोगी पडतो. हवं ते असं:

- पीएच ७ ते ८. ७ च्या खाली शंख झिजू लागतो
- अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य
- नायट्रेट २० च्या आसपास. ४० च्या वर गेला की पाणी बदला
- तापमान २२ ते २६ अंश

नवी टाकी भरून लगेच गोगलगाय सोडू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की ते जिवाणू क्लोरीनने मरतात, म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. टाकीत ती चालत नाही. तुरटीने पाणी आम्लाकडे झुकतं आणि शंखाला नेमकं तेच बाधतं.

ग्वाल्हेरचा उन्हाळा

मे-जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या टाकीचं पाणी सहज ३३-३४ वर पोहोचतं. नुसत्या उष्णतेपेक्षा प्राणवायूचा प्रश्न मोठा असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्याच वेळी उष्णतेने गोगलगायीची गरज वाढलेली असते, आणि उरलेलं खाणंही लवकर कुजतं. एप्रिल उजाडला की तयारीला लागा:

१. टाकी तळमजल्यावर किंवा आतल्या खोलीत हलवा, उन्हाच्या खिडकीपासून लांब.
२. काचेचं झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. इथली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. जुलैत हवा दमट झाली की हा उपाय फिका पडतो.
३. कूलर लावलेल्या खोलीत टाकी ठेवणं उत्तम; फवारा मात्र टाकीत उडू देऊ नका.
४. उडून गेलेल्या पाण्याची भर रोज घाला, पण आठवड्याचं पाणी बदलणं त्यासाठी चुकवू नका. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात.
५. वीज गेली तर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप घरात असू द्या. उन्हाळ्यातल्या रात्री दोन तास हवा बंद पडली तरी नेराइट दगावू शकते.
६. खाणं निम्मं करा.

बर्फाचे खडे थेट टाकू नका. बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवा, आणि तेही तापमापी बघत बघत. एकदम चार-पाच अंशांचा फरक उष्णतेइतकाच वाईट.

जानेवारीत उलटी अडचण असते. थंडीत न तापवलेल्या टाकीतली मिस्ट्री आक्रसून बसते, खात नाही. आपोआप बंद होणारा हीटर २४ वर लावून ठेवा. हीटरची काच उघडी असेल तर भोवती जाळीचं वेष्टन घाला, कारण गोगलगायी त्यावर चढून भाजतात.

शंख झिजला असेल तर

शंखाच्या टोकाकडचा जुना भाग झिजला असेल तर तो भरून येत नाही. बघायचं ते तोंडाकडच्या कडेला: तिथली नवी वाढ गुळगुळीत आणि सलग असेल तर पाणी सुधारलं आहे. जुन्या खड्ड्यांची चिंता सोडा.

कॅल्शियमसाठी सर्वांत सोपी वस्तू म्हणजे समुद्रफेन. जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याकडे मिळतो. अंगठ्याएवढा तुकडा उकळून टाकीत टाका, बुडायला एखादा दिवस घेईल. उकळून, वाळवून, आतला पापुद्रा काढलेलं अंड्याचं कवचही चालतं. संगमरवराचे तुकडे घालत असाल तर आधी लिंबाचा थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले तर ते उपयोगाचे. ग्वाल्हेरचा वालुकाश्म दिसायला सुंदर, टाकीत निरुपद्रवी, पण तो मुख्यतः वाळूच्या कणांचा असल्याने त्यातून कॅल्शियमची अपेक्षा ठेवू नका.

पानाला लावायचा चुना टाकीत कधीच घालू नका. पीएच काही मिनिटांत इतका चढतो की मासे आणि गोगलगायी दोन्ही जातात.

खाण्यातूनही कॅल्शियम मिळालं पाहिजे. टाकीत शेवाळ उरलं नसेल तर गोगलगाय उपाशी आहे. वाफवलेला दुधी, दोडका, पालक, काकडीची चकती आठवड्यातून दोन-तीनदा रात्री टाका आणि सकाळी उरलेलं काढून घ्या. मीठ-हळद लागलेली भाजी नको.

तांबं, औषधं आणि फवारे

माशांना चालणारं औषध गोगलगायीला चालतंच असं नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची आणि शेवाळ मारणारी काही औषधं तांब्याची असतात, आणि तांबं अगदी थोडंही गोगलगायीला मारतं. मोरचूद म्हणजे तेच. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती विकत घेऊ नका. माशांवर उपचार करायचेच असतील तर मासे वेगळ्या भांड्यात काढून करा. औषधाचं पाणी मूळ टाकीत परत ओतू नका.

आपल्या घरांत पिण्याचं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवण्याची रीत आहे. ते पाणी टाकीसाठी वापरू नका. खडे मीठ टाकून मासे बरे करण्याचा उपायही गोगलगायी असलेल्या टाकीत टाळा.

डासांवरचा फवारा, वेलांवर मारलेलं कीटकनाशक, डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत होणारी धुराची फवारणी यांतली रसायनं पाण्यात उतरतात आणि जलचरांना विषारी ठरतात. फवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि हवेचा पंप तासभर बंद ठेवा, म्हणजे बाहेरची हवा आत ओढली जाणार नाही.

संख्या वाढली तर

रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर अचानक वाढल्या, याचा अर्थ तुम्ही माशांना जास्त खायला घालताय. खाणं कमी केलं की काही आठवड्यांत संख्या आपोआप उतरते. तोवर रात्री दुधीची चकती ठेवा, सकाळी तिच्यासकट गोगलगायी उचला. त्यांना मारण्याची औषधं वापरू नका. एकाच दिवशी शेकडो मेल्या की सगळी टाकी सडते.

गोगलगायी खाण्यासाठी छोटा हिरवा पफर आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पश्चिम घाटातल्या, मुख्यतः केरळातल्या नद्यांचा मासा; जगात धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याची नोंद असुरक्षित अशी आहे. शिवाय तो इतर माशांची शेपटं कुरतडतो. हा सल्ला मानू नका.

मिस्ट्रीची अंडी पाण्याच्या वर, झाकणाला गुलाबीसर पुंजक्याने लागतात आणि दोन ते चार आठवड्यांत फुटतात. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही पिल्लं देऊ शकते. पिल्लं नको असतील तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पुंजका काढून, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा आणि मग कचऱ्यात टाका.

विकत घेताना

दुकानात काचेला धरून चालणारी गोगलगाय निवडा. तळाशी पडलेली, शंखाला भेग असलेली घेऊ नका. त्याच टाकीत मेलेल्या दिसल्या तर तिथून काहीच घेऊ नका. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तासाभरात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत जा.

बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. एका गोगलगायीसाठी कुणी ग्राहक आयोगाकडे जाणार नाही, जिवंत प्राणी विकतानाच आजारी होता हे सिद्ध करणंही अवघड. पण बंद न होणाऱ्या हीटरने टाकी उकळली, किंवा घटक न छापलेल्या औषधाने सगळे जलचर गेले, तर बिल, बाटली आणि फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे निकाल लागला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

नको असलेल्या गोगलगायी

तिघऱ्यात, सागरताल किंवा स्वर्णरेखेत, कुठल्याही तळ्या-नाल्यात त्या सोडू नका. दक्षिण अमेरिकेतल्या मिस्ट्रीच्या जवळच्याच एका जातीने आग्नेय आशियात भातशेतीचं अपरिमित नुकसान केलं आहे. १८४७ मध्ये कोलकात्यात बागेत सोडलेली आफ्रिकन गोगलगाय आज देशभर पिकं खाते. ब्लॅडर गोगलगायही बाहेरचीच, आणि आपल्या तळ्यांत पसरून बसली आहे.

जास्तीच्या गोगलगायी अ‍ॅक्वेरियम ठेवणाऱ्या ओळखीच्यांना द्या किंवा दुकानदाराला परत घ्यायला सांगा. मेलेल्या गोगलगायी कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका. टाकीतून काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, मोरीत ओतू नका. त्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्लं आणि अंडी असतात. कुंडीची माती वाळली की ती तिथेच मरतात, आणि त्या पाण्यातला नायट्रेट झाडांना खत म्हणून मिळतो.